रिपोर्टात दोन नावे आली तर

थायरॉइडची गाठ काढली, आठ-दहा दिवसांनी बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट हातात आला आणि त्यात एकाऐवजी दोन कर्करोगांची नावे निघाली, तर घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. कुणी म्हणतो, एक असता तर निभावले असते, आता दोन आहेत म्हणजे संपलेच. दुसरा कुणी त्यातला ओळखीचा ‘पॅपिलरी’ हा शब्द पकडतो, थायरॉइडचा कॅन्सर म्हणजे साधा कॅन्सर असे कुठेतरी ऐकलेले आठवतो आणि पुढच्या तपासण्या दिवाळीनंतर बघू म्हणतो. सुरतेतल्या भेस्तान, पांडेसरा, उधना, लिंबायत या पट्ट्यात खानदेशातून आलेली हजारो मराठी घरे आहेत. कारखान्यातला खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, हा हिशेब प्रत्येक घरात पाठ असतो, त्यामुळे दुसरी चूक इथे जास्त सहज होते. या दोन्ही समजुतींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, असे माझे म्हणणे आहे. कर्करोग किती आहेत, यावरून रुग्णाचे पुढचे आयुष्य ठरत नाही. त्यातला सर्वांत आक्रमक कोणता आणि तो किती पसरला आहे, यावरून ठरते. दोन नावांची बेरीज करायची नसते आणि त्यांतले सौम्य नाव निवडून निर्धास्तही व्हायचे नसते. पुढारी कोण आहे ते शोधायचे असते.

हे पटण्यासाठी थायरॉइड ग्रंथीची घडण थोडी समजून घ्यावी लागेल. गळ्यात श्वासनलिकेसमोर बसलेल्या या ग्रंथीत दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी असतात. बहुसंख्य पेशी आयोडीन शोषून थायरॉइडचे संप्रेरक बनवतात. त्यांच्यापासून पॅपिलरी आणि फॉलिक्युलर हे कर्करोग होतात. थायरॉइडच्या दर दहा कर्करोगांपैकी साधारण आठ पॅपिलरी असतात आणि फॉलिक्युलरचा क्रमांक त्याच्यानंतर लागतो. दुसऱ्या पेशी थोड्या, विखुरलेल्या असतात. त्यांना सी-पेशी म्हणतात. त्यांचा आयोडीनशी काही संबंध नाही, त्या कॅल्सिटोनिन नावाचे संप्रेरक बनवतात. त्यांच्यापासून होणारा मेड्युलरी कर्करोग शंभरात दोन-चार रुग्णांतच आढळतो. १९५९ साली हॅझर्ड, हॉक आणि क्राइल या अमेरिकी डॉक्टरांनी त्याची स्वतंत्र ओळख पटवून दिली. त्याआधी तो इतर प्रकारांतच गणला जाई. म्हणजे पॅपिलरी आणि मेड्युलरी एकाच ग्रंथीत राहतात खरे, पण ते एका घरातल्या दोन बिऱ्हाडांसारखे. चूल वेगळी, सवयी वेगळ्या, औषधही वेगळे. चौथा, ॲनाप्लास्टिक, सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत वेगवान. तो पुष्कळदा जुन्या पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर गाठीच्याच पेशी आपले मूळ रूप हरवून बसल्यामुळे उद्भवतो.

दोन प्रकार एकत्र येण्याच्या वाटाही निरनिराळ्या आहेत आणि आपला रिपोर्ट कोणत्या वाटेचा, हे कळल्याशिवाय भवितव्याची चर्चा करण्यात अर्थ नाही. सर्वांत नेहमीची वाट म्हणजे निव्वळ योगायोग. ग्रंथीच्या एका बाजूला मेड्युलरी गाठ असते, दुसऱ्या बाजूला काही मिलिमीटरचा पॅपिलरीचा ठिपका असतो आणि मध्ये निरोगी ऊतक. असे ठिपके किती सर्रास असतात याचा पुरावा १९८५ साली फिनलंडमधून आला. तिथे १०१ मृतांच्या थायरॉइडची बारकाईने चिरफाड केली तेव्हा ३६ जणांत पॅपिलरी कर्करोग सापडला. त्या माणसांना जिवंतपणी त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा मेड्युलरीसाठी सगळी ग्रंथी काढून तिचे बारीक काप तपासले की सोबत एखादा पॅपिलरी ठिपका सापडणे, यात नवल फारसे नाही. मेड्युलरीच्या काही मोठ्या रुग्णमालिकांत दहा-पंधरा टक्के रुग्णांत अशी सोबत दिसली आहे. दुसरी वाट टकरीची. दोन स्वतंत्र गाठी वाढत वाढत एकमेकींना भिडतात, पण पेशींची सरमिसळ होत नाही. तिसरी वाट खऱ्या मिश्र गाठीची. एकाच गाठीत दोन्ही प्रकारच्या पेशी गुंफलेल्या असतात आणि कधी मानेतल्या लसिकाग्रंथींतही, ज्यांना रिपोर्टात नोड म्हणतात, दोन्ही पेशी बरोबरच सापडतात. ही मिश्र गाठ फार दुर्मीळ आहे. थायरॉइडच्या सर्व कर्करोगांत तिचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी धरतात. ती का होते याबद्दल मतभेद आहेत. दोन्हींची आई एकच मूळपेशी, असे काही म्हणतात. मेड्युलरीच्या विळख्यात सापडलेल्या साध्या पेशी कालांतराने स्वतःच बिघडतात, असे दुसरे म्हणतात. रुग्णाच्या दृष्टीने हा वाद बाजूला ठेवला तरी चालेल.

आता भवितव्य. पॅपिलरी आणि मेड्युलरी अशी जोडी असेल, तर बहुतेक वेळा पुढारी मेड्युलरी असतो आणि रुग्णाची वाटचाल त्याच्या टप्प्यावरून ठरते. अमेरिकेतल्या कर्करोग नोंदणीवरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेड्युलरी ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. मानेत पसरलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के. फुप्फुस, यकृत, हाडे अशा दूरच्या अवयवांत गेलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के. हे तीन आकडे नीट पाहावेत. एकाच आजाराच्या नावाखाली ९६ आणि ४० एवढे अंतर आहे. त्याच्या शेजारी पाच मिलिमीटरचा पॅपिलरी ठिपका असल्याने या अंतरात काय भर पडणार? जवळपास काहीच नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न असा: मेड्युलरी भाग किती सेंटिमीटरचा होता, ग्रंथीबाहेर गेला होता का, किती नोड तपासले आणि त्यांतल्या कितींमध्ये आजार होता, आणि त्या नोडमधल्या पेशी कोणत्या प्रकारच्या होत्या? शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. नोडमध्ये पॅपिलरीच्या पेशी सापडणे आणि मेड्युलरीच्या सापडणे यांचे वजन सारखे नाही.

यावर सरळ आक्षेप येतो. दोन शत्रू एकत्र आले तर एकमेकांना बळ देणारच ना? सामान्य माणसाच्या अनुभवाला हे पटते, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. पण ज्यांनी नुसते मेड्युलरी असलेले रुग्ण आणि मेड्युलरीसोबत पॅपिलरी असलेले रुग्ण यांची तुलना केली, त्यांना सोबतीमुळे आयुर्मान घटल्याचे सहसा आढळले नाही. ठरवणारा घटक मेड्युलरीचा टप्पाच राहिला. दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. हे निष्कर्ष शेजारी-शेजारी असलेल्या गाठींवरून काढलेले. खऱ्या मिश्र गाठीचे काय? इथे प्रामाणिक उत्तर असे की तिची माहिती बहुतांशी एकेका रुग्णाच्या नोंदींतून आलेली आहे. अशा नोंदी कोणत्या रुग्णांच्या छापून येतात, याचा विचार करावा. विलक्षण वागलेल्या, झपाट्याने पसरलेल्या किंवा चमत्कारिकरीत्या सापडलेल्या. शस्त्रक्रिया होऊन शांतपणे वीस वर्षे कामावर जाणाऱ्या माणसावर कुणी लेख लिहीत नाही. त्यामुळे मोबाइलवर आजाराचे नाव टाकून सापडलेल्या तीन-चार भीषण हकिकतींवरून आपल्या आईचे किंवा भावाचे भविष्य काढणे चूक आहे. मिश्र गाठ असेल तर तिला मेड्युलरी समजूनच शस्त्रक्रिया आणि देखरेख करतात, म्हणून अंदाजही मेड्युलरीच्या टप्प्यावरूनच बांधणे त्यातल्या त्यात शहाणपणाचे.

मात्र एका जोडीपुढे वरचा सगळा धीर आवरता घ्यावा लागतो. पॅपिलरी किंवा फॉलिक्युलरच्या जोडीला ‘ॲनाप्लास्टिक’ हा शब्द असेल, तर पुढारी तोच, आणि तो फार कठोर आहे. या आजारात आयुष्याचा मध्यक अनेक अभ्यासांत सहा महिन्यांच्या आत आला आहे. म्हणूनच टप्पे ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तो पहिल्या दिवसापासून चौथ्याच टप्प्यात धरला जातो. तरीही इथे दोन गोष्टींनी फरक पडतो. एक म्हणजे प्रमाण. मोठ्या पॅपिलरी गाठीच्या पोटात अनपेक्षितपणे सापडलेला, पूर्ण निघालेला ॲनाप्लास्टिकचा छोटा भाग आणि सगळी मान व्यापणारी कठीण गाठ यांचे भवितव्य एक नाही. पहिल्यात वर्षानुवर्षे जगलेले रुग्ण आहेत. दुसरी म्हणजे बीरॅफ जनुकातला व्ही६००ई हा बदल. तो असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही गोळ्यांची जोडी उपयोगी पडते. अमेरिकेत २०१८ साली तिला या आजारासाठी मान्यता मिळाली आणि चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी लहान झाल्या. म्हणून हा शब्द दिसला की त्याच आठवड्यात ती तपासणी मागावी. गाठ दिवसागणिक वाढते आहे, आवाज बसला आहे, गिळताना-श्वास घेताना अडते आहे, अशी लक्षणे असतील तर रिपोर्टचीही वाट पाहू नये. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत गलगंड पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा असल्यामुळे गळ्याची गाठ म्हणजे निरुपद्रवी, असा समज आपल्या लोकांत आहे. वर्षानुवर्षे असलेल्या गलगंडाने अचानक वेग धरला, तर तो समज जिवावर बेतू शकतो. ‘कमी विभेदित’ किंवा ‘हाय ग्रेड’ असे शब्द आले, तर आजार साधा पॅपिलरी आणि ॲनाप्लास्टिक या दोन टोकांच्या मधला. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यांना वेगळे स्थान दिले आहे, कारण साध्या पॅपिलरीपेक्षा ते जोमाने पसरतात.

इतके सगळे नावावर अवलंबून असेल, तर नाव बरोबर लागणे ही पहिली गरज. सुईच्या तपासणीत सुई गाठीच्या एकाच भागातून पेशी आणते, त्यामुळे दुसरा प्रकार निसटणे स्वाभाविक आहे. त्यात कुणाचा हलगर्जीपणा शोधू नये. पण शस्त्रक्रियेनंतरच्या अंतिम रिपोर्टात दोन प्रकार आले, तर विशेष रंगचाचण्या झाल्या का, हे जरूर विचारावे. मेड्युलरीच्या पेशी कॅल्सिटोनिन आणि सीईए हे प्रथिन यांचा रंग घेतात, पॅपिलरीच्या थायरोग्लोब्युलिनचा. या चाचण्यांशिवाय ‘मिश्र’ हे निदान पक्के धरू नये, कारण मेड्युलरीत अडकलेल्या निरोगी थायरॉइड पेशीही वरवर पाहता दुसऱ्या कर्करोगाचा भास निर्माण करतात. अनेकांचे म्हणणे असते की दुसरे मत म्हणजे मुंबईची फेरी, राहण्याचा खर्च, बुडालेली मजुरी. आणि एवढे करून तेच नाव येणार. हा हिशेब खोटा नाही. पण दुसऱ्या मतासाठी दर वेळी रुग्णाने जायलाच हवे असे नाही. काचेच्या स्लाइड आणि मेणात बसवलेले ऊतकाचे ब्लॉक रुग्णालयाकडे अर्ज करून मिळतात. घरातले कुणीही ते घेऊन अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर ॲण्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला किंवा परळच्या टाटा मेमोरियलला जाऊ शकते. टाटा मेमोरियल आणि राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातल्या तज्ज्ञांचे मत ‘नव्या’ या सेवेमार्फत कागदपत्रे पाठवूनही घेता येते. ब्लॉक घरी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नयेत, मेण वितळते. खर्चाचे म्हणाल तर गुजरातेत जुलै २०२३ पासून आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ते मुख्यतः दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी असते. बाहेरच्या रक्ततपासण्यांचे पैसे वेगळे बाजूला ठेवावे लागतील. ज्यांचे रेशनकार्ड अजून जळगाव, धुळे किंवा नंदुरबारचे आहे, त्यांनी दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आपले कार्ड तिथे चालते का, याची खात्री करून घ्यावी.

उपचारांत सर्वांत मोठा गोंधळ रेडिओआयोडीनवरून होतो. शेजारणीला आयोडीनचा डोस दिला, मग आमच्या पेशंटला का नाही? किरणोत्सारी आयोडीन फक्त आयोडीन शोषणाऱ्या पेशींत शिरते. मेड्युलरीच्या पेशी ते घेतच नाहीत. म्हणून जोडीच्या रुग्णाला डोस द्यायचा की नाही, हे पॅपिलरी भाग स्वतःच्या बळावर त्या योग्यतेचा आहे का, यावरून ठरते. तो काही मिलिमीटरचा ठिपका असेल तर डोस न देणे म्हणजे उपचार अर्धवट ठेवणे नव्हे. तो मोठा असेल, नोडमध्ये गेला असेल, तर डोस देण्याला आधार आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळमधले रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६० च्या दशकापासून हे काम करते आहे. गोळीचेही तसेच. पॅपिलरीत थायरॉक्सिनचा डोस थोडा चढा ठेवून टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, दाबतात. मेड्युलरीत त्याचा उपयोग नाही, तिथे शरीराची गरज भागेल एवढाच डोस पुरतो. जोडी असेल तेव्हा किती दाबायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे आणि रुग्णाने विचारावे. आणखी एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधीची. मेड्युलरीचा संशय असेल तर अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा ही गाठ नाही ना, हे रक्त किंवा लघवीच्या तपासणीने पाहून घेतात. तो नकळत राहिला तर भूल देताना रक्तदाब भयंकर चढू शकतो. आधी डोकेदुखी, धडधड, घाम आणि रक्तदाबाचे झटके येत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शस्त्रक्रियेनंतर ‘किती वर्षे?’ या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातल्या टक्केवारीपेक्षा रुग्णाच्या स्वतःच्या रक्तात जास्त खरे सापडते. दोन आजारांची दोन निशाणे आहेत. पॅपिलरीसाठी थायरोग्लोब्युलिन आणि त्याचे प्रतिपिंड, मेड्युलरीसाठी कॅल्सिटोनिन आणि सीईए. एकाचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे दुसराही आटोक्यात, असे नसते. मेड्युलरीची पहिली तपासणी साधारण तीन महिन्यांनी करतात. कॅल्सिटोनिन न सापडण्याइतके कमी आले तर ते उत्तमच. थोडे सापडले, तरी १५० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उरलेला आजार बहुधा मानेपुरताच असतो. त्यावर गेले तर छाती, यकृत, हाडे तपासतात. पण एका आकड्यापेक्षा त्याचा वेग जास्त बोलका. २००५ साली फ्रेंच संशोधकांनी कॅल्सिटोनिन दुप्पट व्हायला किती काळ लागतो ते मोजले. सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणाऱ्या १२ रुग्णांपैकी पाच वर्षांनी तिघेच हयात होते. सहा महिने ते दोन वर्षे लागणाऱ्यांत १२ पैकी ११. दोन वर्षांहून जास्त लागणारे ४१ जण अभ्यास संपेपर्यंत सगळे जिवंत होते. रुग्णसंख्या लहान आहे हे मान्य, तरी दिशा स्पष्ट आहे. कॅल्सिटोनिन वाढलेले असूनही कामधंदा करीत वर्षानुवर्षे जगणारी माणसे असतात, त्यांना दर रिपोर्टगणिक मरणाची तयारी करायला लावू नये. यासाठी तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने करावी आणि प्रत्येक आकडा तारखेसह एका वहीत उतरवावा. एकदा उधन्याला, एकदा गावी, एकदा मुंबईला केलेल्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. कॅल्सिटोनिनचा नमुना थंड ठेवून लवकर पोहोचवावा लागतो, हेही रक्त घेणाऱ्याला विचारावे. आजार दूर पसरलाच, तरी सेल्परकॅटिनिबसारखी नेमकी औषधे आता आहेत, पण ती गाठीत आरईटी जनुकाचा बदल असेल तरच लागू पडतात. ती महाग आहेत, म्हणून गाठीची जनुक तपासणी आधी करून मगच पैशांची जमवाजमव करावी.

हेच आरईटी जनुक घराच्या दृष्टीनेही महत्त्वाचे. मेड्युलरीच्या साधारण चारांपैकी एका रुग्णात हा आजार वंशाने आलेला असतो आणि तसा असेल तर प्रत्येक अपत्यात तो बदल उतरण्याची शक्यता निम्मी. घराण्यात कुणाला झालेला नाही, म्हणून आपल्याकडचा वंशाचा नाही, असा तर्क अपुरा आहे. म्हणून मेड्युलरीच्या प्रत्येक रुग्णाची ही रक्ततपासणी करावी असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, मग सोबत पॅपिलरी असो वा नसो. मुलीच्या लग्नात अडचण येईल, भाऊबंदांत चर्चा होईल, या भीतीने ही तपासणी लपवली जाते. ती भीती मी क्षुल्लक मानत नाही. पण लपवल्याने जे गमावले जाते ते फार मोठे आहे. काही प्रकारच्या बदलांत मुलाची थायरॉइड पाच वर्षांच्या वयापर्यंत काढली, तर कर्करोग होण्याआधीच टळतो; सर्वांत तीव्र प्रकारात तर हे पहिल्याच वर्षी करावे लागते. रुग्ण भेस्तानात, एक भाऊ अमळनेरला, बहीण दोंडाईच्याला, अशी आपली घरे ताप्ती लाइनवर विखुरलेली असतात. म्हणून रुग्णाच्या रिपोर्टातला बदलाचा नेमका क्रमांक दिसेल असा फोटो काढून प्रत्येक भावंडाला पाठवावा. तो क्रमांक हाती असला की बाकीच्यांची तपासणी तेवढ्याच जागेपुरती करावी लागते, सोपी आणि स्वस्त पडते. ज्या भावाबहिणीत तो बदल सापडणार नाही, त्यांच्या मुलांना या आजारासाठी एकही तपासणी करावी लागणार नाही.